बाड्यावरून : खांद्यातलं पंक्चर

गेल्या महिन्यात हे सदर आलं नाही. दोघा-तिघांनी निरोप पाठवून विचारलं, एकाने तर "संपलं का लिहायचं?" असंही विचारलं. संपलेलं नाही. उजवा खांदा धड नव्हता आणि त्याच्या तपासण्यांत महिना गेला. त्या तपासण्यांमधली एक तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात आज ना उद्या होणार आहे, म्हणून या वेळी बाड्यावरच्या गप्पांऐवजी तिच्याविषयी लिहितो. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाला आहे. त्यामुळे हे एका रुग्णाचं सांगणं समजून वाचा आणि निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सुरुवात गेल्या वर्षीच्या विसर्जनापासून करावी लागेल. आमच्या घरचा गणपती पिढ्यानपिढ्या थोरल्या मुलाने पाटावरून उचलून बाहेर न्यायचा, असा रिवाज. आरती झाली, हातावर दही घातलं, मी वाकलो, पाट उचलला आणि दाराच्या चौकटीतून काढताना उजवा हात जरा बाहेर, जरा मागे गेला. खांद्यात 'खट्' झालं. ज्यांचा खांदा कधी निखळला आहे त्यांना तो आवाज सांगायला नको. धाकटा चुलतभाऊ शेजारी होता, त्याने खालून पाट धरला. मूर्तीला काही झालं नाही. पण आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेलो नाही, आणि चार वर्षांची माझी मुलगी "बाप्पा पडला का?" असं विचारत राहिली तेही नाही.

हा खांदा निखळण्याची ती तिसरी वेळ. पहिली कॉलेजात, कबड्डी खेळताना. पहिल्यांदा निखळणं जितक्या लहान वयात होतं, तितकी पुन्हा निखळण्याची शक्यता जास्त असते, हे मला तेव्हा कुणीतरी सांगितलं असेलही. वीस वर्षांच्या मुलाने ऐकलं नसेल.

त्या रात्री खांदा बसवून देणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आठवड्याभरात एमआरआय करून घ्या. मी केला नाही. ऑफिसात रिलीज होतं, मग दिवाळी होती, मग दुखणं थांबलं होतं. एमआरआय झाला तो थेट फेब्रुवारीत, आणि त्याचा रिपोर्ट म्हणाला: कडेला फाटल्यासारखं वाटतं, पण खात्रीने सांगता येत नाही. ऑर्थोपेडिक सर्जन म्हणाले, "आता कॉन्ट्रास्ट घालून पुन्हा करू. आर्थ्रोग्राम." वर हेही म्हणाले की पहिल्या आठवड्यात आला असतात तर सांध्यात रक्त आणि पाणी साचलेलं असतं, तेच कॉन्ट्रास्टचं काम करतं, आणि कदाचित साध्या एमआरआयवरच भागलं असतं. म्हणजे मी पाच महिने टाळाटाळ करून स्वतःसाठी एक सुई कमावली.

हे 'पाणी साचलेलं असतं तर बरं' प्रकरण मला कळेना. सर्जनसाहेबांना घाई होती. ते मला कळलं दुसऱ्या दिवशी, बाड्याकडे येताना स्कूटर पंक्चर झाली तेव्हा. आपल्याकडचा पंक्चरवाला काय करतो ते आठवा. ट्यूब बाहेर काढतो. सपाट ट्यूबकडे बघून भोक दिसत नाही, रबराच्या घड्या एकमेकींवर पडलेल्या असतात. तो हवा भरतो, ट्यूब फुगते, मग पाण्याच्या घमेल्यात फिरवतो. जिथून बुडबुडे येतात तिथे बोट ठेवतो. खांद्याचंही तेच आहे. सांध्याभोवती एक पिशवी असते, एरवी ती मिटलेली असते. तिच्यात पातळ द्रव भरला की ती फुगते, आतले पडदे एकमेकांपासून सुटे होतात आणि जिथे फाटलेलं आहे तिथे तो द्रव शिरतो. स्कॅनवर तो द्रव पांढरा चमकतो. फट दिसते.

फाटतं काय, तेही सांगतो. खांद्याचा गोळा ज्या खळग्यात बसतो तो खळगा फार उथळ आहे. बहादुराचा लाडू बशीत ठेवलात तर जसा दिसेल तसा. बशीला कड नसेल तर लाडू घरंगळणार. त्या खळग्याच्या कडेला चिवट कूर्चेची एक गोल किनार असते, तिला लेब्रम म्हणतात. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा बहुधा ती किनार खालच्या-पुढच्या भागात सुटते. ती सुटली की बशीची एक बाजू उघडीच. कमरेच्या सांध्यालाही अशीच किनार असते. मनगटात आणि कोपरात बारीक बंध असतात. हे सगळं नाजूक काम साध्या स्कॅनवर कधी दिसतं, कधी नाही. मशीन तीन टेस्लाचं असेल तर पुष्कळदा कॉन्ट्रास्टशिवायही चित्र पुरेसं येतं, म्हणून आधी तेही डॉक्टरांना विचारून बघा. मी विचारलं. माझ्या बाबतीत उत्तर 'घालावंच लागेल' असं आलं.

आता गोंधळ सुरू झाला तो आत्याकडे. आत्याला संधिवात आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या मनगटाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय झाला होता. ती म्हणाली, "अरे काही नाही त्यात! हाताच्या शिरेत सुई, औषध जाताना जरा गार वाटतं, तोंडात पैशाची चव येते, बस्स." मी निश्चिंत. मग तीन केंद्रांना फोन केले. पहिल्या ठिकाणी "कॉन्ट्रास्ट ना, हो जाएगा, क्रिएटिनिन की रिपोर्ट लेके आइए." दुसरीकडे "चार घंटे खाली पेट." तिसरीकडे एका बाईंनी उलट विचारलं, "भैया, नस में या जोड़ में?"

जोड़ में? म्हणजे सांध्यात? खांद्यात सुई?

मंडळी, या अख्ख्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर त्या बाईंचा प्रश्न लक्षात ठेवा. 'कॉन्ट्रास्ट' हा एक शब्द दोन निराळ्या तपासण्यांसाठी वापरला जातो. आत्याची होती ती शिरेतून. औषध रक्तातून फिरतं आणि जिथे सूज आहे, जिथे सांध्याचा अस्तरपडदा चिडलेला आहे, तिथे जास्त जमतं. संधिवात, जंतुसंसर्ग, गाठ यांच्यासाठी ती. त्या औषधाचा मोठा डोस शरीरभर जातो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतो, म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात. माझी होती ती थेट सांध्यात. हेतू फुगवण्याचा, पंक्चरवाल्याचा. (तिसरा एक मधला प्रकारही आहे: शिरेतून द्यायचं, दहा-पंधरा मिनिटं सांधा हलवायला लावायचा आणि औषध झिरपून सांध्यात येईपर्यंत थांबायचं. पण त्यात सांधा फुगत नाही.) चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय शोल्डर विथ कॉन्ट्रास्ट' लिहिलेलं असेल तर काउंटरवरचा मुलगा त्याला जी माहीत आहे ती तपासणी बुक करतो. माझ्या चिठ्ठीवर तेवढंच होतं. मी सर्जनकडे परत जाऊन 'आर्थ्रोग्राम' हा शब्द लिहून आणला.

आणि मग पुढचे दोन महिने गेलो नाही.

कारण सांगायला लाज वाटते. पस्तिशीचा माणूस, पण खांद्याच्या हाडांच्या मध्ये लांब सुई घालणार या कल्पनेनेच हातापायाला घाम. बायकोला सांगितलं की कामाचा ताण आहे. तिला कळलं असावं, तिने काही म्हटलं नाही. मेमध्ये मुलीला गच्चीवर उचलून घेताना खांदा पुन्हा अर्धवट सरकला आणि आपोआप बसला. ती खाली पडली नाही. पण तिला डाव्या हाताने घट्ट धरून मी जिन्यात पाच मिनिटं बसून राहिलो. संध्याकाळी फोन केला आणि तारीख घेतली.

तारीख घेताना काय काय सांगायचं, हे त्या तिसऱ्या केंद्राच्या बाईंनी नीट विचारून घेतलं, म्हणून तुम्हालाही सांगतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सांगायची. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांनाच विचारायचं. पूर्वी कुठल्या कॉन्ट्रास्टने पुरळ, धाप, उलटी झाली असेल तर ते. मूत्रपिंडाचा आजार. मधुमेह. गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी, कारण सुई बहुधा एक्स-रे बघत घालतात. ताप असेल किंवा सांध्यावरच्या कातडीवर फोड, जखम असेल तर तारीख पुढे ढकलायची. जंतू आत नेणं कुणालाच परवडणारं नाही. आणि अंगात काय काय धातू आहे: पेसमेकर, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. आपल्याकडे वेल्डिंगचं, खरादाचं काम केलेली माणसं घराघरात आहेत. त्यांनी हे विसरू नये. हाडातले अलीकडचे स्क्रू, पट्ट्या बहुतेक वेळा चालतात, पण त्याची कागदपत्रं असतील तर सोबत न्या. एमआरआय चालणारच नसेल तर तेच औषध बदलून सीटी स्कॅनवर आर्थ्रोग्राम करता येतो. म्हणजे दार बंद होत नाही.

उपाशी राहायची गरज नव्हती. दुसऱ्या केंद्राच्या भरवशावर मी राहिलो असतो तर उगीच चक्कर आली असती. थोडं खाऊनच गेलो. तुमचं केंद्र काय म्हणतं ते मात्र त्यांनाच विचारा, कारण झोपेचं औषध देणार असतील तर नियम वेगळा.

आता प्रत्यक्ष दिवस. सोबत चुलतभाऊ, तोच पाट धरणारा. कारण परत येताना गाडी चालवायची नाही, हे आधीच बजावलं होतं. संमतीपत्र दिलं. मी ते सगळं वाचलं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'आय ॲग्री' न वाचता दाबणारे आम्हीच, पण इथे वाचलं. रेडिओलॉजिस्ट स्वतः आल्या, तरुण होत्या. त्यांनी खांद्यावर पेनने एक खूण केली आणि म्हणाल्या, "सबसे ज़्यादा दर्द पहले दस सेकंड में होगा, उसके बाद सिर्फ़ दबाव." इतकं नेमकं मला कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाया गेले नसते.

उताणं झोपलो, तळहात वर. गार जंतुनाशक फासलं, निर्जंतुक कापड पांघरलं. मग बधिर करण्याचं लिग्नोकेनचं इंजेक्शन. हेच ते दहा सेकंद, मधमाशी चावल्यासारखी जळजळ. त्यानंतरची मोठी सुई आत गेली तेव्हा खरोखर दुखलं नाही, कुणीतरी अंगठा दाबतंय इतकंच. ती कुठे जाते आहे हे त्या पडद्यावर बघत होत्या. काही ठिकाणी यासाठी फ्लुरोस्कोपी, म्हणजे हलता एक्स-रे वापरतात, काही ठिकाणी सोनोग्राफी. एक्स-रे असेल तर आधी आयोडीनच्या औषधाचे दोन-चार थेंब सोडून सुई सांध्यातच आहे ना, याची खात्री करतात. मग खरं औषध. खांद्याला साधारण बारा मिली. मनगटाला तीन-चार मिली पुरतं, गुडघ्याला तीस-चाळीसही लागतं.

ते भरताना खांदा आतून तट्ट होत जातो. दुखणं नाही म्हणता येणार, पण नवीन टायरमध्ये हवा जास्त झाली की कसा वाजतो, तसं आतून वाटतं. मला वाटलं त्याहून सौम्य होतं. माझ्या नंतरच्या काकांना जास्त जाणवलं, असं ते म्हणाले. प्रत्येकाचा सांधा वेगळा. फार कळ आली तर बोलायचं, ते हळू करतात. सुई टेबलावर गेल्यापासून पट्टी लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं.

औषधाच्या नावाला घाबरणाऱ्यांसाठी एक हिशेब. हे औषध गॅडोलिनियम नावाच्या धातूचं असतं, आणि धातू अंगात सोडणार म्हटल्यावर घरी सगळ्यांचे कान उभे राहिले. म्हणून मी आकडे मांडले. बाटलीतलं मूळ औषध सलाईनमध्ये दोनशे पटींच्या आसपास पातळ करतात, आणि त्यातलं फक्त बारा मिली सांध्यात. साठ किलोच्या माणसाला शिरेतून जो नेहमीचा डोस देतात, त्याच्या तुलनेत हे साधारण दोनशे पट कमी भरतं. आत्याने जे एका दमात घेतलं होतं, त्याच्या पुढे माझं म्हणजे आचमन. एक-दोन दिवसांत सांध्यातून शोषलं जाऊन ते लघवीवाटे बाहेर पडतं.

इथे एक तक्रार. सुईची खोली एका इमारतीत होती आणि एमआरआय रस्ता ओलांडून दुसऱ्या इमारतीत. तिथे आधीचा रुग्ण आत होता, मग लिफ्ट बंद, मग कागद सापडेना. औषध भरल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात स्कॅन व्हायला हवा, कारण सांधा ते हळूहळू शोषून घेतो, बाहेरही झिरपतं आणि फुगलेली पिशवी पुन्हा सैल पडते. मी घड्याळ बघत बसलो होतो, चुलतभाऊ काउंटरवर हुज्जत घालत होता. बेचाळिसाव्या मिनिटाला आत घेतलं. चित्रं आली ठीक, पण हा ताण टाळता येण्यासारखा होता. आमच्या धंद्यात दोन सिस्टीम वेगवेगळ्या उत्तम चालतात आणि जोडल्या की अडतात, तशातला प्रकार. तारीख घेतानाच विचारून ठेवा: सुई आणि मशीन एकाच मजल्यावर आहे का, आणि मशीनची वेळ सुईला जोडूनच राखली आहे का.

एमआरआयच्या दारात अंगावरचं सगळं उतरवायचं. अंगठी, ताईत, पट्टा, बायकांची जोडवी, मंगळसूत्र, केसातल्या पिना, कवळी, ऐकण्याचं यंत्र. आत्याची जोडवी बोटातून निघेनात म्हणून साबण लावून काढावी लागली होती, तेव्हा ते काम घरूनच करून जा. आणि सोबतच्या माणसाने हे नियम रुग्णापेक्षा कडक पाळायचे. ते चुंबक बटण दाबल्यावर सुरू होणारं नसतं, ते चोवीस तास चालूच असतं, मशीन रिकामं असलं तरी. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन त्या खोलीत गेला आणि नळकांड्यासकट मशीनकडे खेचला गेला. त्याचा जीव गेला. तो तपासणीला आलेला नव्हता, मदत करत होता. म्हणून आत कुणी कितीही घाई केली, "लेकर आ जाओ" म्हटलं, तरी हातात काय आहे ते बघितल्याशिवाय तो उंबरठा ओलांडायचा नाही.

बोगद्याविषयी फार लिहीत नाही, त्यावर सगळेच बोलतात. खांद्यासाठी डोकं आत जातं. गुडघ्याला किंवा घोट्याला पाय आधी जातात, त्यांचं सुटसुटीत. आत सरकायच्या आधी डोळे मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका, हा माझा उपाय. हातात रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबायचा. कानात बोळे घालूनही आवाज मोठाच असतो, खिळे छापखान्यातल्या मशीनसारखा ठोकठोक, मग घरघर, मग पुन्हा ठोकठोक. साधारण अर्धा-पाऊण तास. "हिलना मत भाईसाब" हे इंटरकॉमवरून चारदा ऐकलं.

एका गोष्टीसाठी मात्र मी बोललो, ते सांगतो. शेवटच्या काही चित्रांसाठी हात डोक्यामागे घ्यायला लावतात, उशाशी हात घेऊन झोपतो तसा. सुटलेली किनार त्या स्थितीत ताणली जाते आणि चांगली दिसते. पण नेमक्या त्याच स्थितीत माझा खांदा निखळतो. मी टेक्निशियनला म्हटलं, इथे तो बाहेर येईल. त्याने डॉक्टरांना फोन केला, मग हळूहळू, जितका जाईल तितकाच हात वर घेऊन उशीचा आधार दिला. आपण गप्प राहिलो तर त्याला कळायला मार्ग नाही. लाजू नका.

घरी आलो तेव्हा खांदा अजून बधिर होता, त्यामुळे उत्साहात रिमोट, पाण्याची बाटली सगळं उजव्या हाताने उचललं. रात्री त्याची शिक्षा मिळाली. बधिरपणा उतरला की एक-दोन दिवस खांदा जड, भरलेला, ठणकता राहतो. काहींना हलवताना आतून चुबुकचुबुक आवाजही येतो, तो द्रवाचा. बर्फाचा शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेली साधी वेदनाशामक गोळी पुरली. दोन दिवस वजन उचलायचं नाही, व्यायाम नाही, मुलीला खांद्यावर घ्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा झालो. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, ताप आला, सांधा लाल आणि गरम झाला तर वाट न बघता परत जायचं. सांध्यात जंतू शिरणं फार विरळा, पण झालं तर त्यात तासांचा हिशेब असतो. पुरळ, ओठांना सूज, धाप असं काही झालं तर लगेचच.

रिपोर्ट मोबाईलवर आला रात्री साडेदहाला. तो मी उघडला, ही चूक. त्यातला प्रत्येक शब्द इंटरनेटवर टाकून बघितला, ही त्याहून मोठी चूक. पहाटे दोनपर्यंत मी स्वतःला जन्माचा अधू ठरवलं होतं. सकाळी बायको म्हणाली, "तू दुसऱ्याचा कोड असा एक-एक ओळ सुटी काढून वाचतोस का?" गप्प बसलो.

सर्जनांनी चित्रं पडद्यावर लावून दाखवली. गोल गोळा, त्याच्या पुढच्या बाजूला खाली पांढऱ्या द्रवाची एक बारीक रेघ, जिथे नसायला हवी तिथे. फेब्रुवारीच्या चित्रात तीच जागा करडी-धुरकट होती. आता शेंबड्या पोरालाही दिसेल अशी फट. किनार सुटलेली आहे, हाडाची झीज अजून थोडी आहे, आणखी दोन-चारदा निखळला तर ती वाढेल आणि मग ऑपरेशन मोठं होईल. आत्ता दुर्बिणीतून टाके घालून किनार परत बसवता येईल. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी 'वाटतं' हा शब्द न वापरता बोललं.

आईला ऑपरेशन ऐकून धडकी भरली. तिला क्रिकेटच्या भाषेत सांगितलं. २४ फेब्रुवारी २०१० ला आपल्या रूपसिंग स्टेडियमवर सचिनने दोनशे केले, तेव्हा मी बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या टीव्हीपुढे, आणि आई-बाबा इथे घरी, स्टेडियमकडून येणारा गलका ऐकत. त्या सचिनच्या खांद्याचं ऑपरेशन २००६ मध्ये झालेलं होतं. अलीकडचं उदाहरण हवं तर मुंबईचा श्रेयस अय्यर. २०२१ च्या मार्चमध्ये पुण्याला इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवताना त्याचा खांदा निखळला, एप्रिलमध्ये ऑपरेशन, आणि त्याच वर्षी परत मैदानात. आई म्हणाली, "ते खेळाडू आहेत, तू खुर्चीत बसतोस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "कधी करायचं म्हणतात?"

गणपतीनंतरची तारीख घेतली आहे. त्यानंतर सहा आठवडे हात झोळीत, म्हणजे या सदराचा पुढचा एखादा भाग बोलून लिहून घ्यावा लागेल. मुलीने आत्ताच "मी लिहीन" असं सांगून ठेवलं आहे, तिला अजून 'ग' नीट येत नाही. यंदा पाट चुलतभाऊ उचलणार. मी पुढे चालणार, टाळ घेऊन, डाव्या हातात.